मथुराअक्कांचा जपानी शब्द

मथुराअक्कांचा विषय निघाला की धुळ्यातली जुनी माणसं अजूनही म्हणतात, "तापट होत्या, पण मनानं चांगल्या होत्या." मला या वाक्याचा संताप येतो. जणू राग म्हणजे त्यांच्या अंगावर उठलेलं गळू होतं आणि तेवढं सोडलं तर बाकी बाई ठीक होती. माझ्या मते त्यांच्यात सगळ्यात धड काही असेल तर तो रागच होता. तो कशावरून आला आणि कुणाला भोवला, हे सांगायची वेळ आली की मात्र या मनानं चांगल्या लोकांना काही आठवत नाही.

आम्ही दोघी एकाच मुलींच्या शाळेत होतो. मी गणित शिकवायची, त्या शिवण आणि स्वयंपाक. वयानं माझ्याहून बऱ्याच मोठ्या, मूळच्या नरडाण्याकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. उंच, हाडापेरानं मजबूत, पदर कायम खोचलेला. एरवी बोलणं शाळेला शोभेल असं शुद्ध, पण राग आला की थेट अहिराणी. बाईंच्या तोंडून पहिलं 'काय शे?', म्हणजे 'काय आहे?', बाहेर पडलं की मुली पाय पोटाशी घेऊन बसायच्या. मला त्या 'गणितवाली' म्हणत, तेही मोठ्या प्रेमानं म्हणत असं नाही.

त्यांचे यजमान कापसाच्या एका पेढीवर कारकून होते. पेढीचा माल जपानात जायचा, तिथं कोबे बंदरात गाठी उतरवून घ्यायला भरवशाचा माणूस हवा होता, म्हणून त्यांना पाठवलं. अक्काही गेल्या. तोवर तापीच्या पलीकडचं जग त्यांनी पाहिलं नव्हतं. काही वर्षं बरी गेली आणि यजमान तिथंच छातीच्या दुखण्यानं वारले. अक्का परत आल्या, दिराच्या घरी एका खोलीत राहिल्या आणि शाळेत लागल्या. जपानातून त्यांनी काय आणलं असं कुणी विचारलं तर म्हणत, "एक शब्द आणला. जकात लागली नाही."

तो शब्द म्हणजे इतादाकु. क्रियापद आहे आणि तिकडं दिवसातून शंभर वेळा कानावर पडतं म्हणे. मुळातला अर्थ डोक्यावर घेणं. डोंगराच्या माथ्यालाही त्याच कुळातला शब्द आहे. कुणी चहाचा पेला दिला, जुनी छत्री दिली, आपलं एखादं काम करून दिलं, तर 'मिळालं' असं कोरडं म्हणायचं नाही, माथ्यावर घेतलं म्हणायचं. आणि जेवायला बसलं की प्रत्येकानं हात जोडायचे आणि म्हणायचं, "इतादाकिमास." हे मी माथ्यावर घेते.

हा शब्द अक्कांनी आमच्या स्वयंपाकाच्या वर्गात आणला. मुलींनी केलेला पदार्थ वर्गात वाटला जाई. तो दोन्ही हातांनी घ्यायचा, कपाळापर्यंत न्यायचा, शब्द म्हणायचा, मगच तोंडात घालायचा. एकदा शाळा तपासायला इन्स्पेक्टर आले होते. ते मोठ्या बाईंशी बोलता बोलता डाव्या हातानं ताटलीतला अनारसा उचलायला गेले. अक्कांनी ताटली मागं घेतली.

"हातातली छडी ठेवा. मग देते."

मोठ्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. इन्स्पेक्टर मात्र हसले, छडी टेबलावर ठेवून त्यांनी दोन्ही हात पुढं केले आणि विचारलं, "हे आपल्या जेवणाच्या श्लोकासारखंच, नाही का?"

"नाही. श्लोक देवाला ऐकवतो आपण. हा शब्द भात लावणाऱ्यापासून भांडी घासणारीपर्यंत ज्याचा ज्याचा हात लागला त्याला. जिनं रांधलं तीसुद्धा म्हणते. एकटा माणूस जेवत असला तरी म्हणतो."

"एकट्याचं कोण ऐकतं?"

"तो स्वतः ऐकतो की."

साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं मला माहीत नाही, पण त्या वर्षी आमच्या शाळेला नवी शेगडी मिळाली.

इतका नम्र शब्द इतक्या भांडखोर बाईच्या तोंडी, याची आम्ही शिक्षकांनी खूप थट्टा केली. दुधवाल्याशी कडाकडा भांडायचं आणि त्याच दुधाचा पेला माथ्याला लावायचा. एकदा मी म्हटलंसुद्धा, की अक्का, तुम्हाला शब्द शिकवणारी तुमच्यासारखीच असणार. त्यांना ते आवडलं असावं. त्यांनी कोबेची गोष्ट सांगितली. यजमान गेल्यानंतर त्या अन्नाला शिवल्या नव्हत्या. शेजारची म्हातारी भाताची पेज घेऊन आली. अक्कांनी एका हातानं वाडगा घेतला, तर म्हातारी सोडेना. नुसती धरून उभी. दुसरा हात पुढं येईपर्यंत तिनं वाडगा सोडला नाही.

"मला तिचा इतका राग आला, गणितवाली, की रडायचीच थांबले," अक्का म्हणाल्या. "आणि ती फार थोर होती असंही समजू नकोस. तिची सून सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खायची आणि तेही माथ्याला लावायची. मी पाहत होते. तिकडची माणसं आपल्यासारखीच. शब्द चांगला आहे एवढंच."

पुढं जपाननं चीनवर स्वारी केली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी टोमणा मारला, काय हो, तुमच्या नम्र लोकांचं काय चाललंय? अक्का शिवण खाली न ठेवता म्हणाल्या, "तिथले शिपाईही हाच शब्द म्हणून जेवत असतील. पोटात गेल्यावर विसरत असतील. आपण नाही विसरत?" पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

आता येसूचं सांगते. त्या वेळच्या भाषेत जिला महारवाडा म्हणत, त्या वस्तीतली ती मुलगी. बाप बाजारात हमाली करायचा. शाळेला सरकारचं अनुदान होतं आणि अनुदानासाठी अशा मुली घ्याव्या लागत, म्हणून आमच्या कमिटीनं तिला घेतलं होतं, दुसरं काही कारण नव्हतं. ती दाराजवळ बसायची. पाणी तिला शिपाईण गंगूबाई ओंजळीत वरून घालायची. स्वयंपाकाच्या वर्गातला पदार्थही गंगूबाईच वाटायची, येसूला हात लागू न देता वरून टाकायची. शाळेत, गावात, खळ्यावर, लग्नाच्या मांडवात, सगळीकडं हीच रीत. शाळा सुटण्याची घंटा कुणाला खटकते का? तशी ती कुणाला खटकत नव्हती. आणि खरी गोष्ट सांगायची तर इतकी वर्षं ती अक्कांनाही खटकली नव्हती.

येसू हुशार होती. माझ्याकडं त्रैराशिकं फटाफट सोडवायची. फायनलच्या परीक्षेचं तिचं ते वर्ष. फायनल पास झाली की मास्तरीण होता येत होतं, आणि त्या वस्तीतून तोवर कुणी बाई मास्तरीण झालेली नव्हती. तिची माय दोन घरचं सरपण वाहून तिच्या पाटीची सोय करायची.

त्या दिवशी वर्गात शंकरपाळे झाले होते. अक्का मुलींवर वैतागलेल्या, कारण कुणी नीट माथ्याला लावत नव्हतं, एकीनं तर घेता घेताच तोंडात टाकलं. तेवढ्यात त्यांची नजर दाराकडं गेली. येसू उभी होती. दोन्ही हात जोडून ओंजळ केलेली, ओंजळ पार कपाळाच्या वर नेलेली, मान खाली. एकही बोट हलत नव्हतं.

"बघा," अक्का म्हणाल्या. "सगळ्यांनी मागं वळून बघा. कोबेच्या म्हातारीनं बघितलं असतं तर तिनंही मान डोलावली असती. येसू, कुठं शिकलीस गं इतकं छान?"

येसूला कौतुक कळलंच नाही. तिला वाटलं, खरंच विचारताहेत. तिनं सरळ उत्तर दिलं.

"बाई, आमना घर बठ्ठा असंच लेतस. वरतीन पडस ना. हात खाल राह्यना तं धुळमा पडी जास."

आमच्या घरी सगळे असंच घेतात. वरून पडतं. हात खाली राहिले तर धुळीत पडतं. मी शेजारच्या वर्गात होते, मधलं दार उघडं होतं, मला हे सगळं ऐकू आलं. मुली खुसुखुसू हसल्या. अक्का हसल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. गंगूबाईच्या हातातली परात घेतली. मग दाराशी गेल्या, आपल्या हातानं शंकरपाळे येसूच्या हातात ठेवले, तिचे हात आपल्या हातात धरून खाली छातीपर्यंत आणले. पोर घाबरून मागं सरकली. अक्कांनी हात सोडले नाहीत.

संध्याकाळी त्या माझ्या घरी आल्या आणि ओसरीवर बसून स्वतःला शिव्या देऊ लागल्या. अहिराणीत, एकीपुढं एक. "मी आंधळी शे. भीक मागाले लावेल पोरनं मी कौतुक करं. तिले नमस्कार समजनू." भीक मागायला लावलेल्या पोरीचं कौतुक केलं, त्या भिकेलाच नमस्कार समजले, असं. मी काही बोलायला गेले तर म्हणाल्या, "तू गप बस. तुला राग कसा येत नाही?" मला येत होता. पण त्यांच्या शेजारी बसून आपला राग दाखवणं म्हणजे भट्टीशेजारी काडी ओढण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवसापासून वर्गात येसूला सगळ्यांसारखं हातात मिळू लागलं. गंगूबाईनं नकार दिला तेव्हा अक्काच वाटू लागल्या. पंधरवड्याच्या आत पालकांची बोंब कमिटीपर्यंत गेली. कमिटीचे अध्यक्ष आबासाहेब, गावातले नाणावलेले वकील. स्वदेशीवर भाषण करायचे, खादी वापरायचे, सभेत समतेवर त्यांच्याइतकं सुंदर कुणी बोलत नसे. त्यांनी तोडगा काढला. मोठ्या बाईंच्या खोलीत अक्कांना बोलावलं आणि मलाही, कारण येसूचं गणित माझ्याकडं होतं.

"मुलगी परीक्षेपर्यंत राहू दे," ते म्हणाले. "आम्ही काय राक्षस आहोत? फक्त वाटप पूर्वीसारखं होऊ द्या. आणि वार्षिक भोजनाला तिला पडवीत वेगळं बसवा. लोकांच्या भावना असतात, मथुराबाई."

"आणि तिच्या?"

"ती काही बोलली आहे का? तुम्हीच बोलताय." मग हसून म्हणाले, "तुमचाच तो जपानी शब्द ना? जे मिळेल ते माथ्यावर घ्यावं. तेच तिला समजावून सांगा."

मी अक्कांकडं बघितलं. मानेची शीर ताडताड उडत होती. पण त्या अगदी शुद्ध मराठीत म्हणाल्या, "आबासाहेब, तो शब्द दुसऱ्याला सांगायचा नसतो. घेणाऱ्यानं स्वतः म्हणायचा असतो. तुमच्या घरी ज्वारी येते ती कोण कापतं? आधी तुम्ही म्हणा."

"विषय संपला," आबासाहेब म्हणाले.

बाहेर आल्यावर मी त्यांना हात जोडून सांगितलं, अक्का, परीक्षा चार महिन्यांवर आली आहे. पोर पास होऊ द्या, मग काय आग लावायची ती लावा. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं. येसूलाही पडवीत बसायचं चालणार होतं. ती मला म्हणाली होती, "बाई, मले परीक्षा देवानी शे. मी कोठेबी बसस." मला परीक्षा द्यायची आहे, मी कुठंही बसेन. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला हिशेब कळत होता.

वार्षिक भोजनाला वरण-बट्टी होती. अंगणात पंगत, वरच्या बाजूला पाटावर कमिटी, पांढरीशुभ्र धोतरं, उपरणी. पत्रावळी मांडल्या, द्रोणांत वरण वाढून झालं. बट्ट्यांची टोपली अक्कांनी घेतली. मुलींच्या पंगतीत त्या वाकून, एकेकीच्या पत्रावळीवर नीट ठेवत गेल्या. मग कमिटीपुढं आल्या आणि वाकल्याच नाहीत. हात खांद्याइतका वर नेला आणि बट्टी वरून सोडली. ती आबासाहेबांच्या द्रोणात पडली. वरण त्यांच्या उपरण्यावर, चष्म्यावर, शेजारच्या डॉक्टरांच्या मांडीवर. अक्का पुढं सरकल्या. पुढच्याच्या द्रोणात दुसरी. त्याच्या पुढच्याच्या द्रोणात तिसरी.

"हाई काय शे?" आबासाहेब ओरडले. रागात तेही अहिराणीवर आले, ते मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

"लोकांच्या भावना, आबासाहेब," अक्का म्हणाल्या. "हात लागला नाही पाहिजे. वर धरा हात, नाहीतर धुळीत पडेल."

पडवीत बसलेल्या येसूचं द्रोणात फिरणारं बोट थांबलं. गावात ही गोष्ट पुढं कितीतरी वर्षं रंगवून सांगितली गेली. सांगताना लोक पोट धरून हसतात, म्हणतात, काय जबरदस्त बाई. मीही त्या क्षणी हसले होते, लपवत नाही. वरणानं माखलेल्या चष्म्यातून समता काही दिसत नव्हती.

पण हसणारे पुढचं सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांना कामावरून काढलं. त्याच दिवशी येसूचंही नाव कमी केलं. कारण दिलं गैरहजेरीचं, जी कधी नव्हतीच. मी मोठ्या बाईंशी भांडले, आबासाहेबांच्या घरी गेले. ते दिवाणखान्यातून म्हणाले, "बाई, आमचा त्या मुलीवर राग नाही." खरं होतं. त्यांचा तिच्यावर रागसुद्धा नव्हता. त्यांच्या लेखी ती एवढीही नव्हती. बाहेरून परीक्षेला बसवायचं म्हटलं तर अर्जाची मुदत उलटून गेली होती. फाल्गुनात येसूचं लग्न शिरपूरकडं लावून दिलं. माझ्या हातून गेलेल्या मुलींत तिच्याइतकं गणित कुणाला येत नव्हतं.

म्हणून मी म्हणते, माझा राग आबासाहेबांवर तर आहेच, तो मरेपर्यंत जाणार नाही. पण अक्कांवरही होता. मी त्यांना तोंडावर म्हणाले, तुमचं समाधान झालं, पोरीचं काय? त्या माझ्याशी भांडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर."

आम्ही येसूच्या माहेरी गेलो. वस्तीत आमच्यासारख्या बायका आल्या म्हणून लोक बाजूला सरकून उभे राहिले. येसूची माय दारात गोवऱ्या रचत होती. अक्का म्हणाल्या, मी चुकले, मी धाकटीला शिकवते, घरी येऊन, परीक्षेपर्यंत. धाकटी म्हणजे ठकू, आठ-नऊ वर्षांची, मायच्या लुगड्यामागं उभी होती.

माय उठली नाही. गोवरीवर गोवरी ठेवत म्हणाली, "तुमना रागना पायी मनी पोरनी शाळा गई, बाई. तुमनी नोकरी गई तं दीरनं घर शे. आमले काय शे? राग तुमना, भोग आमना."

 माय आत गेली आणि तिनं कवाड लावून घेतलं.

अक्का दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. कवाड बंद. तिसऱ्या दिवशीही. दिराकडच्यांनी वेगळाच बखेडा काढला, वस्तीत जाऊन घरात येता म्हणून त्यांना चूल वेगळी करायला लावली. त्यांनी केली. शिवणकाम घेऊन पोट भरू लागल्या. दुपार झाली की जायच्या, बंद कवाडासमोर बसायच्या, ऊन उतरलं की परत यायच्या. आजूबाजूचे हसायचे. आमच्या शाळेतले तर म्हणायचे, जपानी बाईला वेड लागलं. मी अधूनमधून विचारायची, अक्का, रोज का जाता? म्हणायच्या, "तिला वाटतंय मी माफी मागायला येते. तिला तसं वाटतंय तोवर ती उघडणार नाही. मी शिकवायला येते."

त्या उन्हाळ्यात माझी बदली जळगावला एका दुसऱ्या शाळेत ठरली. निघायच्या आधी निरोप घ्यायला मी अक्कांच्या खोलीवर गेले, खोलीला कडी. कुठं असणार हे माहीत होतं, म्हणून तशीच वस्तीकडं गेले. ऊन रणरणत होतं. अक्का कवाडापुढं उभ्या होत्या. घाम कानामागून गळ्यावर उतरत होता. वाटेत कुणीतरी त्यांना काहीतरी बोललं असावं, कारण चेहरा लालबुंद होता, ओठ घट्ट मिटलेले, मानेची शीर टरारून आलेली. त्या रूपात त्यांना मी शेकडो वेळा पाहिलं होतं, आणि अशा वेळी समोर कोण आहे याची मला कायम काळजी वाटायची.

आतून मायचा आवाज आला. "आज राग घर ठेवी उनात का, बाई?"

आज राग घरी ठेवून आलात का? अक्कांनी पदरानं चेहरा पुसला.

"ठेवी उनू," त्या म्हणाल्या.

इतकं धडधडीत खोटं मथुराअक्का आयुष्यात कधी बोलल्या नसतील. आत कडी काढल्याचा आवाज झाला. ठकू पाटी घेऊन उंबऱ्यात येऊन बसली, आणि अक्का तिच्यासमोर मातीत मांडी घालून बसल्या. मी हाक मारली नाही. माझ्या गाडीची वेळ झाली होती.